हॉस्पिटलचं काय झालं हो?

मैत्रिणींनो, परवा रविवारी दुपारी आमच्याकडे 'देऊळ' पुन्हा एकदा पाहिला. उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला आणि गिरीश कुलकर्णी यांनी लिहिलेला हा सिनेमा आला २०११ साली. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शेजारच्या वहिनी मेथी निवडायला घेऊनच आल्या होत्या. पोट धरून हसलो दोघी. सिनेमा संपला, आणि वहिनी जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, ''अहो, पण त्या हॉस्पिटलचं काय झालं?''

खरं सांगते, मी विसरूनच गेले होते!

गोष्ट तशी साधी. मंगरूळ नावाचं गाव. गाय शोधायला गेलेल्या भोळ्या केशाचा झाडाखाली डोळा लागतो आणि त्याला दत्ताचं दर्शन घडतं. बातमी फुटते, गावाला देऊळ हवंसं वाटू लागतं. खरं तर अण्णांनी गावासाठी हॉस्पिटलचा आराखडा केलेला असतो. पुढारी भाऊंनाही आधी तेच हवं असतं. पण वारं फिरतं तसे भाऊही फिरतात. देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, गावात पैसा खुळखुळतो. अण्णा मात्र गाव सोडून जातात.

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकणारं पाकीट येतं. पण इथं त्याहून मोठी चोरी होते. गावाच्या गरजांच्या यादीतलं पहिलं नाव अलगद खोडलं जातं, आणि ते खोडताना सगळं गाव टाळ्या वाजवत असतं. श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत हं मला. दत्ताला हात मी रोज जोडते. पण देवाच्या नावाखाली आपला दवाखाना गेला, तर तो देवानं थोडाच नेला?

आणखी एक गंमत पाहा. मंगरूळची सरपंच बाई आहे. खुर्ची तिची, शब्द भाऊंचा! योगायोग असा, की त्याच २०११ साली महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. किती अभिमान वाटला होता तेव्हा! काही जणींनी त्याचं सोनंही केलं. पण अजूनही कितीतरी ठिकाणी नगरसेविकाबाईंना फोन लावावा, तर 'बोला' म्हणतात ते साहेबच.

आपलंही थोडं चुकतंच. आमच्या भागात कमान उभारायची ठरली, तेव्हा आम्ही बायकांनी एक्कावन्न एक्कावन्न रुपये वर्गणी दिली, उद्घाटनाला रांगोळ्या काढल्या. बाजारात बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह नाही, म्हणून घरून निघताना आम्ही पाणी पीत नाही. पण ते कधी होणार, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही. वर्गणी द्यायला पुढे आणि विचारायला मागे, असं किती दिवस चालायचं?

विचारायला फार काही लागत नाही. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा नियमच आहे. तिथं नुसती सही करून परतू नका, बोला. शहरात असाल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून नगरपालिकेला विचारता येतं, की अमुक कामाला किती पैसे मंजूर झाले आणि ते कुठं खर्च पडले. एकटीला भीती वाटते ना? मग भिशीच्या दिवशी दहाजणी मिळून जा.

आम्ही दोघींनी अर्ज लिहून ठेवलाय. अक्षर वहिनींचं, सह्या दोघींच्या. उद्या अकरा वाजता, स्वयंपाक उरकून, निघणार आहोत. तुम्ही 'देऊळ' पाहिला नसेल तर जरूर पाहा, पोटभर हसा. आणि मग आपल्या गावाची यादी काढून बघा, तिच्यातलं हॉस्पिटल शाबूत आहे ना!