घरची ओळ

वांग्याच्या रानात कडेला एक ओळ आमची, घरची असायची. आठ-दहा झाडं. पंप पाठीला लावून निघालो की आई उंबऱ्यातनंच ओरडायची, "आरं, त्या कडंच्या वळीला मारू नगंस, ती घरची हाय." मी मारत नसे. त्या ओळीतली वांगी किडकी निघायची; आई कीड कापून टाकायची आणि उरलेल्याचं कालवण करायची. बाकीची तुकतुकीत, एकासारखी एक वांगी क्रेटात भरून रात्रीच्या टेम्पोनं गुलटेकडीला जायची.

वांग्याला शेंडअळी फार. औषधाच्या बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये ते छापलेलं असतं. पण तोडा तीन-चार दिवसांनी करावाच लागतो. थांबलं की माल जून होतो, बी धरतो आणि व्यापारी तोंड फिरवतो. म्हणजे काल फवारलेलं उद्या पुण्याच्या ताटात. आपल्याला हे माहीत नव्हतं असं सांगणारा शेतकरी खोटं बोलतो. माहीत नव्हतं तर ओळ वेगळी कशाला ठेवली?

एका सुट्टीत पुण्यात शिकणारी भाची उत्रोलीला आली. जेवता जेवता सहज म्हणाली, "मामा, आमच्या मेसमधली वांगी पण आपलीच असतील का हो?" आईचा भाकरी मोडणारा हात थांबला. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

तेव्हापासून मी ठरवलं, जे विकायचं तेच खायचं. सेंद्रिय वगैरे मोठा शब्द मी वापरत नाही. कामगंध सापळे लावतो, कीड लागलेले शेंडे रोज हातानं खुडतो. फवारावंच लागलं तर मधला तोडा खड्ड्यात जातो, गुरांपुढंसुद्धा नाही. पहिली दोन वर्षं तोटा झाला. भावकीतले म्हणाले, "यानं काय जगाचा मक्ता घेतलाय व्हय?" जगाचा नाही घेतला बाबांनो, माझ्या क्रेटाचा घेतला.

आता शहरातल्या वाचकाला दोन शब्द. मंडईत वांगं उलटंपालटं करून, एक भोक दिसलं की बाजूला फेकता ते तुम्हीच. बिनडागाचा माल तुम्ही मागितला, आम्ही फवारून दिला. तुम्हाला भीती तुमच्या पोटाची. पण विष पहिल्यांदा फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पौष्टिक आहाराच्या तुमच्या तक्त्यात त्यांना कुठला रकाना आहे?

नाचणीचंही तसंच. माझ्या लहानपणी पाहुणा आला की नाचणीची भाकरी झाकून ठेवायची, लाज वाटायची, आणि त्याला पांढराशुभ्र भात वाढायचा. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं तृणधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी पुड्यात बसून मॉलात गेली. खा, जरूर खा. पण डोंगरउतारावर ती लावणाऱ्या बाईला काय भाव मिळाला, तेही एकदा विचारा. आम्हीही शहाणे नाही. घरची इंद्रायणी गिरणीत पांढरी होईस्तोवर घासून घेतो, कोंडा म्हशीला घालतो आणि मग ताकदीच्या गोळ्या विकत आणतो.

साखर मी सोडली नाही, कमी केली. आमच्या तालुक्यातल्या भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली जातं, तिथं ऊस उभा राहतो. उन्हाळ्यात वरच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढताना दिसल्या की चहातला दुसरा चमचा जड वाटतो. मटण, ओढ्यातले खेकडे मी खातो. त्यावरून मला कुणी पापपुण्य शिकवू नये. ज्या घरात बाई शेवटी जेवते, त्या घराच्या शुद्ध शाकाहाराचं मला कौतुक नाही.

आमचं घरही त्यातलंच होतं. दारात गाय, खुराड्यात कोंबड्या, रानात भाजी, आणि डॉक्टर म्हणाले आईच्या अंगात रक्त नाही. तेव्हा ती पन्नाशीला आलेली. अंडं पोरांना, दूध डेअरीला, बुडाशी राहिलेलं कालवण तिला. आता सगळी एकाच वेळी बसतो. ती बसते, पण निम्म्यातच उठते, कुणाला काय हवं-नको बघायला.

सगळं रान आता एकसारखं आहे, हे तिला कितीदा सांगितलं. तरी दर वर्षी कडेला आठ रोपं ती आपल्या हातानं लावते आणि मला बजावते, "ही घरची."