काळ्या रेघेनं देव बघू लागतो

पेण तालुक्यातलं जोहे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या मुलांना पिवळा रंग पहिल्यांदा भेटतो तो बहुधा पीतांबरावर. पांढऱ्या कच्च्या मूर्तीला आधी अंगाचा रंग चढतो, मग मुकुटाला सोनेरी, आणि शेवटी बारीक कुंचल्यानं काळ्या रंगात डोळ्यांची आखणी. त्या रेघेनंच देव बघू लागतो!

१९९४ साली बोयाट्झिस आणि वर्गीस या अमेरिकेतल्या अभ्यासकांना आढळलं, की लहान मुलं उजळ रंगांशी आनंद जोडतात आणि गडद रंगांशी बहुतेकदा नकोशा भावना. पण ज्यानं आखणी जवळून पाहिली, त्याला काळा उदास वाटेलच असं मला वाटत नाही. म्हणूनच या बालविशेषांकातल्या चित्रांमधला काळा सूर्य आम्ही तसाच छापला आहे. पालकांनो, तुमच्या घरी असा सूर्य उगवला तर रागावू नका. काढणाऱ्याला शेजारी बसवून त्याबद्दल विचारा.