यादी म्हणून परत पाठवू नका

‘मॅडम, ही तर नुसती यादी झाली. यात संशोधन कुठे आहे?’ संशोधन समितीतल्या एका सरांनी असं म्हणून माझा पीएच.डी.चा आराखडा परत केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मासिकांत बायकांनी काय काय लिहिलं, कुठल्या अंकात, कुठल्या नावाने, याची वर्णनात्मक सूची मला करायची होती. मार्गदर्शकांनी शीर्षकात ‘स्त्रीवादी परिप्रेक्ष्य’ आणि ‘एक चिकित्सक अभ्यास’ घातलं. पुढच्याच बैठकीत विषय मंजूर. काम मात्र तेच आहे.

तासिका तत्त्वावर शिकवून उरलेल्या वेळात मी जुने खंड चाळते. वर्षभराचे अंक एकत्र बांधताना बाइंडरने बहुतेक ठिकाणी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात. वर्गणी किती, टपाल हंशील किती, अंक कुठे मिळतो, हे सगळं त्यांवरच छापलेलं असायचं. म्हणजे मासिक कुणाच्या घरात जात होतं, याचा पुरावाच कात्रीखाली गेला. आतली समासाची बाजू शिलाईत अडकलेली, त्यामुळे ओळीचं शेवटचं अक्षर अंदाजाने लावायचं. कागद इतका कडक झालेला असतो, की पान उलटताना कोपरा चिमटीतच राहतो. लेखाखाली सही म्हणून नुसती आद्याक्षरं. ती बाई होती, की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष? हे ठरवायला पुढचेमागचे सगळे अंक वाचावे लागतात. याला यादी म्हणणाऱ्यांनी एकदा एक खंड घेऊन बसावं.

शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातली ‘मराठी ग्रंथसूची’ १९४४ साली निघाली. जुन्या मराठी साहित्यावर प्रबंध लिहिणारा आजही आधी तिच्याकडे जातो. जुन्या संहितेच्या संपादनाचंही तेच. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. लेखिका बुलढाण्याची. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात तिची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून वाचकांपुढे आणलं. आज त्याच्यावर किती परिसंवाद होतात! सिद्धांत मागाहून आले. आधी कुणीतरी जुनी प्रत शोधून ती नीट छापली.

आमचे प्रबंध निदान पुढच्याला तरी सापडतात का? ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर ते चढवले जातात खरे, पण त्यांतले कितीतरी मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. त्यांत शब्द घालून शोधलं तर काहीच हाती लागत नाही. मग नवा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून तेच खंड उपसतो. नाहीतर, अगदी स्पष्ट सांगायचं तर, आधीच्या प्रबंधातली अवतरणं चुकांसकट उचलतो. मूळ अंक न पाहता तळटीप देणारे मला वरचेवर भेटतात, आणि त्यांना कुणी अडवत नाही.

एम.ए.ला आता संशोधन प्रकल्प असतोच. मराठी विभागांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एका मासिकाचं एक वर्ष द्यावं, त्याची सूची युनिकोडमध्ये करून घ्यावी आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवावी. खर्च फारसा नाही. ग्रंथपालांना विश्वासात घेतलं तर जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयांतले खंडही वापरात येतील. तिथे ते बहुधा वरच्या फळीवर, सुतळीने बांधून ठेवलेले असतात. आणि समितीवरच्या सर-मॅडमना एक विनंती: पुढच्या बैठकीत कुणी सूचीचा किंवा संहिता-संपादनाचा विषय घेऊन आलं, तर त्याला ‘चिकित्सक’ची झूल न घालता मंजूर करा.