फेरफाराची नोंद आणि गिअरचा हिसका

अलीकडे आपल्या बागायतदार बंधूंच्या दारीं आपोआप गिअर बदलणाऱ्या, म्हणजे ऑटोमॅटिक, पिकअप गाड्या दिसूं लागल्या आहेत. गाडी घरीं येऊन चार महिने लोटत नाहींत तोंच तिला मोठे टायर चढवावे, इंजिनाची ताकद वाढवून घ्यावी, गिअरबॉक्समध्यें कडक स्प्रिंगांचा संच बसवावा, अशी हौसही वाढत चालली आहे. मग गिअर बदलतांना गाडी हिसके देऊं लागते. मालक म्हणतो गिअरबॉक्स गेला. मिस्त्री म्हणतो उघडून पाहूं. तिसरा कोणी म्हणतो कीं, हिसका म्हणजेच जोर, त्याची फिकीर नको. आमच्या मतें हे तिघेही घाई करितात. गाडींत फेरफार झाला, पण त्याची नोंद झाली नाहीं, हेंच बहुधा या हिसक्याचें मूळ असतें.

हें यंत्र तसें नवें नव्हे. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल मोटारींस १९४० च्या नमुन्यापासून ‘हायड्रा-मॅटिक’ नांवाचा असा गिअरबॉक्स मिळूं लागला. तेलाच्या दाबानें क्लचच्या प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात, एक गिअर सुटतो व दुसरा धरतो, हें तत्त्व आजही कायम आहे. दाब अपुरा पडला तर प्लेटा घसरतात, तापतात व जळतात. दाब एकदम चढला तर हिसका बसतो. किती दाब, किती वेळांत द्यावयाचा, हें हल्लींच्या गाड्यांत एक लहान संगणक ठरवितो. इंजिनाचा जोर, गाडीची गति आणि तेलाची उष्णता पाहून, कारखान्यांत भरून दिलेल्या हिशेबाप्रमाणें तो हुकूम सोडतो.

आतां २९ इंच व्यासाच्या टायरच्या जागीं ३२ इंचांचा टायर चढविला असें समजा. चाकाचा प्रत्येक फेरा सुमारें १० टक्क्यांनीं लांब पडतो. कांटा ताशीं ६० किलोमीटर दाखवितो, तेव्हां गाडी ६६ च्या वेगानें धांवत असते. चाकाची ओढही कमी होते, म्हणून चालक पाय अधिक दाबतो. संगणक समजतो कीं ओझें वाढलें. तो तेलाचा दाब चढवितो व गिअर उशिरां आणि जोरानें बदलतो. इंजिनाची ताकद परस्पर वाढविली तर त्याच्या उलट घडतें. वाढलेला जोर हिशेबांत नसल्यामुळें दाब अपुरा पडतो व प्लेटा घसरतात. ती घसरण लक्षांत येतांच पुष्कळ गाड्यांतील संगणक दाब वाढवीत जातो. अशा रीतीनें प्लेटाही जळतात व हिसकाही बसतो. कडक स्प्रिंगांचा संच तर गिअर धरण्याचा वेळ कमी करण्यासाठींच असतो. त्यानें हिसका वाढल्यास नवल तें काय?

जड ओझें ओढणाऱ्यास जरा घट्ट गिअर उपकारक असतो, हें आम्हांस मान्य आहे. घसरण कमी म्हणजे उष्णता कमी. परंतु घट्टपणाची सीमा ओलांडली कीं प्रत्येक धक्का प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांवर, डिफरन्शिअलवर व गिअरबॉक्सच्या रबरी बैठकींवर जातो. पावसाळ्यांत निसरड्या घाटांत रिकामी गाडी उतरत असतां खालचा गिअर एकदम आवळला गेला, तर मागचें चाक सरकण्याचा धोका असतो. तेथें प्रश्न पैशाचा राहत नाहीं, जिवाचा होतो.

म्हणून गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं क्रमानें पाहावें. प्रथम तेल उत्पादकानें सांगितलेल्या जातीचें आहे कीं नाहीं व त्याची पातळी बरोबर आहे कीं नाहीं, हें त्यानेंच सांगितलेल्या रीतीनें तपासावें. नंतर संगणकांत दोषाची नोंद आहे का तें वाचून घ्यावें; कांहीं दोषांत तो स्वसंरक्षणार्थ दाब पूर्ण चढवून एकाच गिअरवर अडकून राहतो. मग टायरचें माप संगणकांत दुरुस्त करून घ्यावें, अथवा मूळ मापाचे टायर पुन्हां चढवावे. त्यानंतर गाडीस नव्यानें शिकूं द्यावें. जुनी शिकवण पुसल्यावर कांहीं काळ हिसके बसणें स्वाभाविक आहे. शाफ्टचे सांधे व बैठकी ढिल्या नाहींत ना, हेंही पाहावें. एवढें करून गुण आला नाहीं तरच पाना हातीं घ्यावा.

कायद्याची बाजूही ध्यानीं असावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हेंच बजाविलें. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागें ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. गिअरबॉक्सच्या आंतील स्प्रिंग दाखल्यांत येत नाहीं हें खरें; पण जेथें नोंदच नाहीं, तेथें पुढें वाद निघाल्यास मालकाच्या हातीं पुरावा तो कोणता?

आमची सूचना साधी आहे. ज्यानें कायद्याच्या मर्यादेंत कांहीं बदल केला असेल, त्यानें तारीख, भागाचें नांव, टायरचें माप, तेलाची जात व संगणकांत केलेली दुरुस्ती यांचा कागद मिस्त्रीच्या सहीनें घेऊन गाडींत ठेवावा. जुनी गाडी घेणाऱ्यानें हा कागद मागितल्यावांचून बयाणा देऊं नये. आपल्या संस्थेनें अशा कागदाचा एक नमुना छापून सभासदांस वांटावा. सातबारावर नांव चढल्यावांचून आपण जमिनीचा व्यवहार पुरा मानीत नाहीं. तीच दक्षता लाखों रुपयांच्या गाडीविषयीं बाळगावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.