व्यसनाने गेलेल्याचे स्मरण

व्यसनाने घरातले माणूस गेले, की तेराव्यापर्यंत मृत्यूचे कारण बदललेले असते. दारूने यकृत निकामी झालेला ‘काविळीने गेला’, गर्द या अमली पदार्थाच्या जास्त मात्रेने मेलेला ‘झोपेतच गेला’. भिंतीवर हार घातलेला फोटो लागतो आणि बोलणे थांबते. या मौनाचे समर्थन दोन प्रकारे होते: मरण त्याने स्वतः ओढवून घेतले, मग शोक कसला, आणि खरे सांगितले तर घराची अब्रू जाते.

पहिले म्हणणे टिकत नाही. पहिला पेला माणूस आपणहून उचलतो, हे मान्य. पुढे शरीराला दारूची इतकी सवय होते, की रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर थरथर, भास, फिट येऊन मृत्यूही ओढवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत हे अवलंबित्व आजार म्हणूनच नोंदलेले आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या दारूपायी बुडालेल्या सुधाकरासाठी मराठी प्रेक्षक रडला, आळीतल्या सुधाकराच्या बायकोला मात्र ‘सुटलीस’ म्हणतात. समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाला केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये ‘हक्क नाकारलेला शोक’ म्हटले, ते याच अर्थाने.

अब्रूचा मुद्दा अधिक घातक. गर्द काही काळ सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते; पाय घसरला आणि जुनीच मात्रा घेतली, तर तीच जीव घेते. उपचारांनंतरचे पहिले आठवडे म्हणून सर्वांत जोखमीचे. घरचे मात्र ‘सुटला एकदाचा’ म्हणून निश्चिंत होतात. लपवलेला प्रत्येक मृत्यू ही माहिती शेजारच्या घरापासून दडवतो.

स्मरण म्हणजे गुणगान नव्हे. पगाराच्या संध्याकाळी ज्याच्या पावलांनी मुलांच्या पोटात गोळा येई, त्यानेच त्यांना सायकल शिकवलेली असते. मारहाण, विकलेले मंगळसूत्र, तो गेल्यावर वाटलेली सुटका आणि त्या सुटकेची लाज, हे सारे त्या आठवणीत असते. यातले काहीही गाळले तर उरतो तो दुसराच कोणी. उघड बोलल्याने दुःख कमी होईलच असे नाही. पण ते एकट्याने वाहावे लागत नाही. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनाविषयी मोकळेपणाने बोलायला मराठी घरांना जागा दिली. गेलेल्यांसाठी ती जागा घरातच हवी. वर्षश्राद्धाला कोणी ‘कशाने गेले?’ असे विचारले, तर ‘दारूने’ हेच उत्तर द्यावे, आणि मग तो माणूस कसा होता तेही सांगावे.