वाट आधी कागदावर, मग पायडलवर

दोस्तांनो, साखळी, ब्रेक आणि पंक्चर हे तीन धडे आपले झाले. आता सायकल घेऊन जायचं कुठे? छत्रपती संभाजीनगरची मुलं एका सुरात ओरडतील, ‘वेरूळला!’ अंतर साधारण 30 किलोमीटर. पण हमरस्त्यावर ट्रक, बस आणि पर्यटकांच्या गाड्या यांची रीघ. म्हणून आज शिकू या मुरमाच्या वाटेने मार्ग आखायला.

मुरूमच का? आपला काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, हजारो वर्षं झिजून त्याचा मुरूम होतो. पाऊस पडला की त्यातून पाणी निचरून जातं. काळ्या मातीचं मात्र उलटं. तिचा चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये असा घट्ट बसतो, की सायकलवर तुम्ही नाही, तुमच्या खांद्यावर सायकल! तेव्हा काळ्या रानातल्या वाटा पावसाळ्यात वगळायच्या.

मार्ग आखणं म्हणजे नवा रस्ता बांधणं नव्हे, बरं का. आहेत त्याच वाटा जोडायच्या. अमेरिकेत 1990च्या दशकात ‘ग्रेट डिव्हाइड’ नावाचा सायकलमार्ग असाच आखला गेला. रॉकी पर्वताच्या कडेकडेने, बहुतेक कच्च्या रस्त्यांवरून, सुमारे 4,000 किलोमीटर! सामान सायकलला बांधून लोक तिथे कित्येक दिवस हिंडतात. आपल्या गावच्या पाणंदी आणि शिवरस्ते काय कमी आहेत?

आता कामाला लागा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. वळणावळणाच्या वाटेवर दोरा ठेवा आणि तो पट्टीवर मोजा. झालं अंतर!

पण पाय नुसतं अंतर मोजत नाहीत, चढही मोजतात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर, खुलताबाद सुमारे 850 मीटरवर. म्हणजे दौलताबादचे चार चांदमिनार एकावर एक ठेवले, तरी चढ थोडा उरतोच! नकाशावर समोच्च रेषा जिथे दाटीवाटीने असतात, तिथे चढ छातीवर येतो. रेषा विरळ असतील, तिथून वाट काढा. थोडी लांब पडली तरी चालेल.

याच जमिनीवर चारशे वर्षांपूर्वी एकाने उताराचं असंच गणित मांडलं होतं. 1610 मध्ये खडकी शहर वसवणारा मलिक अंबर! डोंगराकडचं पाणी त्याने भूमिगत नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. त्याची कबर खुलताबादलाच आहे. घाट चढून गेलात तर जरूर पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार्ग कुणाच्या मापाने आखायचा? गियरच्या सायकलवाल्या दादाच्या नव्हे. तुमच्यातल्या सर्वांत हळू चालवणाऱ्या भिडूच्या! मुरमावर त्याचा वेग ताशी 8 किलोमीटर धरा. दर तासाला पाणी आणि सावली मिळेल का, ते नकाशावर खुणेने दाखवा. प्रत्येक टप्प्यावर माघारी फिरायची वाटही ठरवा. कुणी दमला, पडला, चाक मोडलं, तर जवळचं गाव कोणतं आणि डांबरी रस्ता किती दूर, हे निघण्याआधी कागदावर हवं. दुपारच्या उन्हात, रिकाम्या बाटल्या घेऊन ते शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

फोनवरचा नकाशा वाट दाखवेल, पण ओढ्याला पाणी किती, कुंपण कुठे घातलंय, हे गावकरीच सांगतील. म्हणून आधी मोठ्यांबरोबर जाऊन वाट पाहून या. शेतातून जायचं असेल तर मालकाला विचारा. फाटक उघडलंत तर लावून घ्या.

पहिल्या खेपेला वेरूळ नको. दौलताबादपर्यंत जाऊन परत या, तेच साधारण 30 किलोमीटर होतात! थंडीतला रविवार निवडा, डोक्यावर हेल्मेट घाला आणि काढलेल्या नकाशाची एक प्रत आईबाबांकडे ठेवून जा. पुढे वेरूळचा बेत ठरला की वारही बघा. मंगळवारी लेणी बंद असतात. घाट चढून-उतरून जायचं आणि कुलूप बघून परतायचं, असं नको!

चला तर, दोरा आणि पट्टी काढा. पहिला मार्ग आखायला घ्या!