दिरंगाईचा धनी कोण?

कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला. नवा पूल खुला व्हावयास २५ जानेवारी २०२१ उजाडले. मधल्या काळात नागरिकांनी वाहनांच्या रांगांत जो कालक्षेप केला, त्याचा हिशेब कोणत्या जमाखर्चात मांडावयाचा? रस्ते विकास महामंडळ, रेल्वे, महापालिका सारेच संबंधित; दिरंगाईचा धनी मात्र कोणीच नाही!

ठाण्यात टी. चंद्रशेखर आयुक्त असताना रस्ते रुंद झाले, ते केवळ पैशाच्या बळावर नव्हे; निर्णयाचा भार एका माणसाने शिरावर घेतला म्हणून. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक कामास एकच उत्तरदायी अधिकारी असावा, त्याचे नाव व मुदत फलकावर लिहावी आणि काम पुरे होईपर्यंत त्याची बदली होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोनशिलेवर नाव कोरून घेणाऱ्यांनी विलंबाखालीही सही करावयास शिकले पाहिजे.